विश्लेषण : ड्युटी फ्रीमध्ये घेतलेली बाटली पुढच्या विमानतळावर का अडवतात?

मुंबई विमानतळावर सुरक्षा तपासणी झाली. ड्युटी फ्री दुकानातून ७५० मिलीची बाटली घेतली. आता कसली अडचण, असे वाटते. पण फ्रँकफर्टला विमान बदलताना हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी होते आणि तिथे तिथला नियम लागतो.

१०० मिलीचा नियम का आला?

द्रव स्फोटकांनी अटलांटिकपार जाणारी विमाने उडवण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आला. त्यानंतर बहुतेक देशांनी ही मर्यादा स्वीकारली. यात मोजली जाते बाटलीची क्षमता. त्यामुळे १५० मिलीच्या बाटलीत चमचाभर तेल उरले असले, तरी ती चालत नाही. टूथपेस्ट, जॅम, तूपही याच नियमात येते. औषधे आणि बाळाच्या दुधाला गरजेपुरती सूट असते. ती तपासणीच्या वेळी वेगळी दाखवावी लागतात.

मग ड्युटी फ्रीचे काय?

दुकानदार बाटली लाल किनारीच्या पारदर्शक पिशवीत सीलबंद करून देतो. बिल आत, बाहेरून वाचता येईल असे हवे. प्रवास संपेपर्यंत सील तोडायचे नाही. अमेरिकेत खरेदी ४८ तासांच्या आतली असावी लागते.

अमेरिकेत पुढे देशांतर्गत विमान असेल, तर पहिल्याच विमानतळावर चेक-इन बॅग ताब्यात घेऊन कस्टम्सनंतर पुन्हा जमा करावी लागते. बाटली त्या बॅगेत टाकण्याची हीच संधी. ती हुकली, तर पुढच्या तपासणीत सगळा भरवसा त्या सीलवर.

नवे स्कॅनर, नवा गोंधळ

सीटी स्कॅनरमुळे बॅगेतल्या वस्तूंचे त्रिमितीय चित्र दिसते. त्यामुळे २०२५ मध्ये एडिनबरा व बर्मिंगहॅमने, तर २०२६ च्या सुरुवातीला लंडनच्या हीथ्रोने मर्यादा २ लिटरपर्यंत वाढवली. पण ही सवलत त्या विमानतळापुरतीच. हीथ्रोवर सुटलेली अत्तराची मोठी बाटली न्यूयॉर्कला पुढचे विमान पकडताना अडू शकते.

म्हणून तिकीट हातात आले, की वाटेत तपासणी कुठे कुठे होणार ते पाहा आणि त्यातल्या सर्वांत कडक नियमाप्रमाणे बॅग भरा.