प्रश्न विचारायचा तरी कोणाला?

सतरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एचआयव्हीची लागण झाल्याची शंका आली, तर जायचे कुठे? सरकारी रुग्णालयातल्या चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते, समुपदेशक असतो, अहवालही गुप्त राहतो. पण वय अठराच्या आत असेल तर चाचणीला पालकांची संमती लागते. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा तसे सांगतो. ज्यांना कळू नये म्हणून जीव धाकधूक करतो, त्यांनाच सर्वांत आधी सांगायचे! डॉक्टरकडे जावे तर तिथे पोक्सो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या या कायद्याने संमतीचे वय अठरा केले आणि त्याआधीच्या संबंधांची माहिती ज्याला मिळेल त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असे बंधन घातले. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. मग ही मुले घरी बोलत नाहीत आणि दवाखान्याची पायरीही चढत नाहीत. ती मोबाइलमध्ये शोधतात, मित्राला विचारतात, नाहीतर रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात त्या ‘गुप्तरोगतज्ज्ञां’च्या हाती लागतात.

लैंगिक संसर्गाच्या आजारांत उशीर फार महाग पडतो. उपदंशाचा, म्हणजे गरमीचा, पहिला फोड दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. मुलगा सुटकेचा निःश्वास टाकतो. जंतू मात्र शरीरात तसेच राहतात. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुसंख्य मुलींना काहीच जाणवत नाही. अंगावरून पांढरे गेले तरी ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरचे उपाय सुरू होतात, आणि गर्भनलिकांना इजा झाल्याचे कळते ते लग्नानंतर मूल होत नाही तेव्हा. किशोरवयात मुलीच्या गर्भाशयमुखाची वाढ पूर्ण झालेली नसते, त्यामुळे जंतूंना तिथे लवकर शिरकाव मिळतो. असा एखादा संसर्ग आधीच असेल तर एचआयव्हीची शक्यताही वाढते. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात जगभर दररोज दहा लाखांहून अधिक लोकांना लैंगिक संसर्ग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यात फक्त औषधाने पूर्ण बरे होणारे चार आजार धरले आहेत. एचआयव्हीचा धोका पत्करला गेला असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात. सांगावे की नाही, या विचारात मुलाचे तेवढे तास सहज निघून जातात.

किशोरवयीन लैंगिकतेचा विषय निघाला की शहरातला कॉलेजचा कट्टा डोळ्यांपुढे येतो. ते चित्र अपुरे आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. परभणी, बीडसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून कितीतरी जास्त. ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणाऱ्या जोडीसाठी सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढवलेल्या मुलीने नवऱ्याला ‘तपासणी करून घ्या’ म्हणायचे कसे? निरोधचा आग्रह धरायचा कसा? मंगळसूत्र घातले की धोका टळला, असे गावही धरून चालते आणि बहुधा आरोग्य यंत्रणाही.

शाळेने हे शिकवायचे होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि केंद्रीय शिक्षण खात्याने २००५मध्ये किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. २००७मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि राज्याने तो थांबवला. २००९मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने तर, विवाहापूर्वी संबंध नकोत हाच संदेश शाळांनी द्यावा, असे सुचवले. शिकवल्याने मुले बिघडतात, ही भीती मनापासूनची असेल, पण ती खरी नाही. जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८मध्ये स्पष्ट सांगितले आहे की लैंगिकता शिक्षणाने मुलांमधले संबंध वाढत नाहीत. न शिकवल्याचे फळ त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते: एचआयव्हीबद्दल पुरेशी आणि बरोबर माहिती देशातल्या २१.६ टक्के स्त्रियांना आणि ३०.७ टक्के पुरुषांनाच आहे.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे र. धों. कर्वे यांनी १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. त्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला ते हरले. कर्व्यांनी मासिक मात्र मरेपर्यंत, १९५३पर्यंत चालवले.

पोक्सोची गरज निर्विवाद आहे. लहान मुलात लैंगिक संसर्ग आढळला तर अत्याचाराची शंका घेतलीच पाहिजे आणि डॉक्टरांनी ती चौकशी टाळता कामा नये. पण सतरा वर्षांच्या दोघांची परस्पर ओढ आणि चाळिशीतल्या नराधमाचे कृत्य यांना एकाच मापाने मोजले, तर उपचारांपासून दूर पळतात ती मुलेच. वाट सर्वोच्च न्यायालयाने दाखवली आहे. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव देण्याची गरज नाही, असा निवाडा सप्टेंबर २०२२मध्ये झाला. तीच मुभा लैंगिक संसर्गाच्या तपासणीला आणि उपचारांना मिळाली पाहिजे. एचआयव्ही चाचणीसाठी पालकांच्या संमतीची अट सोळा वर्षांवरच्या मुलांपुरती सैल केली पाहिजे. दुरुस्ती संसदेने करायची आहे आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी ती मागावी.

राज्य सरकारच्या हातातली कामे याहून सोपी आहेत. किशोरांसाठीची ‘मैत्री’ क्लिनिके नावापुरती उरू नयेत. तिथे बंद दार असलेली खोली हवी, मुलीशी बोलायला स्त्री समुपदेशक हवी, आणि वेळ शाळा सुटल्यानंतरची हवी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्हीची लस पुण्यातच तयार होते. नऊ ते चौदा या वयात, संबंध येण्याआधी दिली तर ती सर्वाधिक उपयोगी पडते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रत्येक मुलीपर्यंत पोहोचवावी. आठवीपासून लैंगिकता शिक्षण पुन्हा वर्गात आणण्याचा निर्णय शिक्षण खात्याने याच शैक्षणिक वर्षात घ्यावा.

मुख्याध्यापकांनी मात्र त्या निर्णयाची वाट पाहू नये. एचआयव्हीविषयी विनामूल्य माहिती आणि सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १०९७ आहे; तो उद्याच शाळेच्या फलकावर लिहावा.