बोटावरचं तेल, इंजिनातलं तेल

पिकअपमध्ये कोणतं ऑइल टाकायचं, हे गॅरेजमध्ये विचारलं की उत्तर बोटांनी मिळतं. मेकॅनिक कॅनमधला थेंब अंगठा आणि तर्जनीत घेतो, चोळतो, बोटं हळूच दूर करतो. तार ओढली गेली तर 'हे घ्या, याच्यात दम आहे.' तार तुटली तर 'नुसतं पाणी आहे.' नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट घेऊन रात्री वाशीला निघणाऱ्या आणि पिंपळगावहून माल भरून कसारा घाट उतरणाऱ्या कितीतरी गाड्यांचं ऑइल या एका परीक्षेवर ठरतं. ही परीक्षा निकामी आहे. पूर्वी ती निरुपद्रवी तरी होती. आता ती गाडीमालकाच्या खिशावर उठली आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट ऐकू, कारण ते पोकळ नाही. ते म्हणतात, पिकअप म्हणजे काही फिरायची गाडी नव्हे. पासिंगपेक्षा जास्त माल, वर घाट, वर एप्रिल-मेचं ऊन. इंजिन तापतं, तापलं की ऑइल पातळ होतं, पातळ ऑइल बेअरिंगला धरून राहत नाही. म्हणून मुळातच जाड भरावं. जाड भरलं की प्रेशर टिकतं, टॅपेटचा आवाज दबतो, ऑइल खाणं कमी होतं. कंपनी पातळ सांगते ती मायलेजचा आकडा छान दिसावा म्हणून. वॉरंटी संपली की इंजिन तुमचं आणि तुमच्या नशिबाचं. शेवटी हुकमाचा एक्का पडतो: 'वीस वर्षं हेच टाकतोय, एकाही गाडीचं इंजिनकाम निघालं नाही.'

ऑइल तापल्यावर पातळ होतं, हे खरं. पण किती पातळ होतं, हे बोटांना कळायचा मार्गच नाही. बोटावरचं ऑइल तीस-पस्तीस अंशांवर असतं, चालत्या इंजिनातलं शंभर अंशांच्या आसपास. एसएईच्या प्रतवारीत १५डब्ल्यू४० मधला ४० हा आकडा याच शंभर अंशांवरचा दाटपणा सांगतो: १२.५ सेंटिस्टोक किंवा जास्त, पण १६.३ पेक्षा कमी. ३० चा पट्टा ९.३ पासून १२.५ पर्यंत, ५० चा १६.३ पासून २१.९ पर्यंत. आता गंमत पाहा. बोटावर 'पाणी' ठरलेलं ५डब्ल्यू३० चाळीस अंशांवर साठ-सत्तर सेंटिस्टोकचं असतं. म्हणजे घाटात तापलेल्या 'दमदार' १५डब्ल्यू४० पेक्षा ते गॅरेजच्या काउंटरवर चौपट दाट असतं! बोटांनी ज्याला नाकारलं, त्याहून कितीतरी पातळ तेलावर तुमची गाडी आयुष्यभर घाट चढत आली आहे. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. त्या फटीत कोणत्या तापमानाला किती दाट थर हवा, याचा हिशेब इंजिन बनवतानाच झालेला असतो.

प्रेशरचंही तसंच. काट्यावर प्रेशर जास्त दिसलं म्हणजे ऑइल जास्त पोचलं, असं नाही. जाड ऑइल ढकलताना अडथळा जास्त होतो, म्हणून काटा वर जातो. गार इंजिनात तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरंचसं ऑइल परत चेंबरमध्ये पडतं. काटा खुशीत आणि वर टर्बोचं बेअरिंग तहानलेलं, अशी अवस्था असते. जाड ऑइलने आवाज दबतो, हेही मान्य. पण झिजलेल्या बेअरिंगचा आवाज दाबणं म्हणजे झीज भरून काढणं नव्हे.

राहिला वीस वर्षांचा अनुभव. तो खोटा नाही, पण ज्या इंजिनांवर तो घेतला ती इंजिनं बदलली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि बहुतेक डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर बसला. अडकलेली काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळून हा फिल्टर स्वतःला मोकळा करतो. पण इंजिनात जळणाऱ्या थोड्याथोड्या ऑइलमधली कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची राख मात्र जळत नाही. चुलीतलं लाकूड जळतं, राख उरते. ती कोणीतरी उपसावी लागते. इथे उपसणं म्हणजे फिल्टर उतरवून साफ करणं किंवा नवा घालणं, आणि तो खर्च ऑइलच्या कित्येक कॅनांचा असतो.

जुन्या सीआय-४ प्रतीच्या ऑइलला राखेची मर्यादा नव्हती. २००६ च्या सीजे-४ पासून ती एक टक्क्यावर आणली गेली आणि २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ नेही ती पाळली. म्हणून बीएस-६ गाडीत जुन्या प्रतीचं जाड ऑइल ओतणारा मेकॅनिक इंजिनाला आज काही करत नसेल, पण फिल्टरचं आयुष्य नक्की खातोय. वीस वर्षांच्या अनुभवात हे दिसणार कसं? तेव्हा फिल्टरच नव्हता.

इथे समोरून एक चलाख प्रश्न येतो. काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात, त्यातलं थोडं भिंतीवरून उतरून चेंबरमधल्या ऑइलमध्ये मिसळतं. मग ऑइल पातळ होणारच आहे, तर आधीच जाड का भरू नये? कारण जाड भरून डिझेल मिसळायचं थांबत नाही. बाजारात तासन्‌तास चालू ठेवलेल्या, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत हे जास्त होतं. अशा गाडीची गेजपट्टी रोज पाहा. खूण कमी झाली तर आपण घाबरतो. बीएस-६ डिझेलमध्ये ती वर चढली तर जास्त घाबरायला हवं. उपाय एकच, ऑइल लवकर बदलणं.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. यांचा विश्वास बोटांवर नसतो, किमतीवर असतो. सर्वांत महाग फुल सिंथेटिक, पुढचा आकडा जितका लहान तितकं उत्तम, वर एखादी 'ट्रीटमेंट'ची बाटली. पुढचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यू ऑइलची गार स्टार्टची चाचणी उणे वीस अंशांवर होते. निफाडला कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तेव्हाही पारा त्याच्या आसपास फिरकत नाही. पुस्तिकेत मागितलं नसेल तर इथल्या हवेत ० किंवा ५ साठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. सील गळणाऱ्या, रिंगा झिजलेल्या जुन्या गाडीत असलं ऑइल म्हणजे चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला. आणि नवी प्रत म्हणजे सगळ्यांना चांगली, हेही खरं नाही. सीके-४ बरोबरच आलेली एफए-४ ही प्रत मुद्दाम पातळ ठेवलेली आहे. ज्या इंजिनाने ती मागितली नाही, त्यात ती घालू नये.

'काळं पडलं, बदला' हा तिसरा समज दोन्ही बाजूंना सारखाच प्रिय. डिझेल इंजिनातलं ऑइल थोड्याच फेऱ्यांत काळं पडतं, कारण ते काजळी पोटात धरून ठेवतं, पिस्टनवर बसू देत नाही. तेच त्याचं काम. काळेपणावरून ऑइल बदलणारा पैसे घालवतो, आणि काळं नाही म्हणून तारीख पुढे ढकलणारा इंजिन घालवतो.

मग ठरवायचं कसं? गाडीच्या पुस्तिकेत दोन गोष्टी छापलेल्या असतात: ग्रेड आणि प्रत. दोन्ही जुळल्या पाहिजेत, एक जुळून भागत नाही. कॅनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हेच दोन सापडतात. मधे १५डब्ल्यू४० किंवा ५डब्ल्यू३०. आसपास एपीआय सीके-४, नाहीतर एसीईए सी३ यांसारखी खूण. एपीआयमध्ये 'सी'ने सुरू होणारी प्रत डिझेलची, 'एस'ची पेट्रोलची. छोटा हत्ती सीएनजी किंवा पेट्रोलवरचा असेल तर शेजारच्या डिझेल पिकअपचं उरलेलं ऑइल त्यात ओतू नका. डिझेलच्या ऑइलमधलं जास्तीचं फॉस्फरस पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक असतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेलं 'पॉवर', 'प्रो', 'टर्बो' वाचलं नाही तरी चालेल.

कंपनी मायलेजसाठी पातळ सांगते, या आरोपात अर्धं सत्य आहे. पातळ ऑइलने इंधन थोडं वाचतं आणि उत्पादकांना त्यात रस असतो. पण पुस्तिकाही हटवादी नसते. बऱ्याच पुस्तिकांत हवेप्रमाणे एकाहून जास्त ग्रेडचा तक्ता असतो. ओझं आणि ऊन जास्त असेल तर त्याच तक्त्यातला वरचा ग्रेड घ्या. बीएस-२, बीएस-३ च्या जमान्यातलं, ऑइल पिणारं इंजिन असेल आणि तक्त्यात २०डब्ल्यू५० असेल, तर जाड ऑइलवाल्या मेकॅनिकचंच ऐका. तिथे तो बरोबर आहे. जाडी हवीच असेल तर ती तक्त्यातून निवडा, बोटांनी नको.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र पुस्तिकेचं वरचं टोक धरून बसू नका. तो आकडा सरासरी वापराचा असतो. दररोज जादा माल, घाट आणि बाजारातल्या रांगेत चालू इंजिन यांचे तास मीटरवर दिसत नाहीत, ऑइलला मात्र ते लागतात. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळी, लवकरची मुदत दिलेली असते. आपल्याकडची मालवाहू पिकअप जवळजवळ नेहमी त्याच रकान्यात बसते. ऑइलबरोबर फिल्टर बदला. लिटरमागचे शे-दोनशे रुपये वाचवायला बॅरलमधलं सुटं ऑइल घेऊ नका, आणि रिकाम्या कॅनला भोक पाडूनच तो भंगारात द्या, म्हणजे त्यात कुणी बनावट माल भरणार नाही.

मेकॅनिकची पारख करायची असेल तर त्याच्या बोटांकडे पाहू नका. ऑइल मागितल्यावर त्याने 'गाडी कोणत्या सालची? बीएस-६ का?' असं विचारलं, तर तिथेच ऑइल बदलून घ्या. न विचारता कॅन उघडायला लागला, तर चावी परत मागा.