करून पाहा : कॅमेऱ्याचं इरलं

मुलांनो, कोकणात भातलावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं इरलं तुम्ही पाहिलंय का? बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते बनवतात. वरून पाणी निथळून जातं, खालून हवा खेळती राहते. आज हीच युक्ती कॅमेऱ्याच्या पिशवीसाठी वापरू या.

आमचं इन्सुली गाव सावंतवाडी तालुक्यात. याच तालुक्यातल्या आंबोलीत वर्षाला सुमारे ७०० सेंटिमीटर पाऊस पडतो. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या तिथल्या एका भेकाची नवी जात म्हणून नोंद २००९ साली झाली. असा पाहुणा समोर यावा आणि कॅमेरा मात्र 'भिजेल' म्हणून घरीच! कसं चालेल?

कॅमेऱ्याचे शत्रू तीन : धक्का, पाणी आणि दमट हवा.

साहित्य : जुनं पण मजबूत दप्तर, नव्या वस्तूंच्या खोक्यात येतो तो लवचीक फोम (थर्माकोल नको, तो चुरतो), जुन्या छत्रीचं कापड, सुई-दोरा, इलॅस्टिक, मेणबत्ती आणि सिलिका जेलच्या पुड्या. कापताना, शिवताना मोठ्यांना सोबत घ्या.

आधी दप्तराच्या तळाला फोमचे दोन थर आणि चारही बाजूंना एकेक थर बसवा. फोमवर सुती कापड शिवा, म्हणजे भुगा भिंगावर बसणार नाही. कॅमेरा आत घट्ट बसावा, पण कोंबावा लागू नये.

आता इरलं. छत्रीच्या काड्या काढा. मधल्या दांड्याच्या भोकावर ठिगळ लावा. कापड दप्तरावरून खाली लोंबेल एवढं कापून कडेला इलॅस्टिक ओवा. पाठीकडची बाजू पट्ट्यांसाठी मोकळी ठेवा. सुईच्या भोकांतूनही पाणी झिरपतं बरं का! म्हणून शिवणीवर मेणबत्ती घासा.

कॅमेरा ठेवण्याआधी दोन परीक्षा घ्या. आत कोरडा कागद ठेवून वरून दोन तांबे पाणी ओता. कागद कोरडा? शाबास! मग कॅमेऱ्याच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं एक कच्चं अंडं ठेवा आणि दप्तर गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. अंडं फुटलं तर फोम वाढवा.

तिसरा शत्रू मात्र लपून येतो. गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना? तसंच थंड आंबोलीतून खाली उबदार हवेत आलात की गार भिंगावर बाष्प जमतं. म्हणून आल्या आल्या पिशवी उघडू नका. तासभर थांबा. कॅमेरा हळूहळू कोमट होऊ द्या.

त्यानंतर मात्र तो पिशवीत ठेवायचा नाही! ओलसर फोममध्ये तो पावसाळाभर पडून राहिला, तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते आणि भिंग कायमचं खराब होऊ शकतं. कॅमेरा कोरड्या कापडाने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पिशवी उघडी करून वाळवा. पालकांनो, या पुड्या लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

घरात कॅमेरा नसेल तर याच मापाने दुर्बिणीसाठी पिशवी शिवा. भिंगं तिलाही असतात आणि बुरशी तिलाही धरते!