घरच्या पेटीतला पाना

अंबरनाथच्या एमआयडीसीतला मेंटेनन्सचा फिटर, कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या गॅरेजमधला मेकॅनिक आणि बदलापूरच्या नव्या इमारतीत राहायला आलेला नोकरदार, तिघेही हार्डवेअरच्या दुकानात पाना मागायला येतात, पण तिघांची खरेदी सारखी नसते. फिटर नाव घेऊन मागतो: पाना आणि पक्कड टपारियाची, कानस जेकेची. नोकरदार मात्र पेटी मागतो. झाकण उघडलं की चकचकीत सॉकेट, बिट आणि एक रॅचेट ओळीने मांडलेले दिसावेत, नग ४६ असावेत आणि किंमत हजाराच्या आत असावी, एवढीच त्याची अपेक्षा. त्यामागचा हिशेब सरळ वाटतो. रोज वापरणाऱ्याने चांगलं घ्यावं, वर्षातून चारदा वापरणाऱ्याला स्वस्तातलं पुरतं. हा हिशेब मला उलटा वाटतो. चांगल्या हत्याराची जास्त गरज घरच्या माणसालाच आहे.

त्याचं कारण पान्याच्या जबड्यात आहे. फिक्स पाना नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू धरतो. १० मिलिमीटरच्या नटासाठी जबडा नेमका १० चा ठेवला तर तो बसणारच नाही, म्हणून मिलिमीटरचा लहानसा अंश सैल ठेवावा लागतो. हा अंश किती असावा, यावर पान्याची सगळी इज्जत ठरते. तो वाढला की जोर नटाच्या सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यांवर पडतो, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. दुसरी गोष्ट पोलादाची. चांगला पाना क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा, घणाखाली साच्यात ठोकून घडवलेला असतो. नंतर तो तापवून कडक करतात आणि पुन्हा ठरावीक तापमानाला नेऊन त्याचा ठिसूळपणा घालवतात. हे दुसरं तापवणं चुकलं तर पाना तुटतो आणि कडकपणा कमी पडला तर जोर लावताच जबडा उघडतो. गिऱ्हाइकाला दुकानात उभं राहून यातलं काहीच तपासता येत नाही. क्रोमचा मुलामा दोन्ही पान्यांवर सारखाच चमकतो आणि ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरं कुठल्याही लोखंडावर उमटवता येतात. हत्यारावरचं नाव म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या त्या भट्टीबद्दल कुणीतरी घेतलेली जबाबदारी.

आता हीच सैल हत्यारं दोघांच्या हातात देऊन पाहा. मेकॅनिकला पाना घसरायच्या आधीच हाताला कळतं. तो थांबतो, रिंग पाना लावतो, गंज सोडवायला तेल मारतो, हातोडीची एक टिचकी देतो, तरीही नट गोल झालाच तर छिन्नीने काढतो. त्याच्याकडे उपाय चार आहेत. घरच्या माणसाकडे एकच पाना आणि एकच प्रयत्न असतो. सिंकखालच्या अँगल कॉकचा नट पितळेचा, म्हणजे पोलादापेक्षा मऊ. तिथे सैल पाना दोनदा फिरला की नट गेला, मग प्लंबर बोलवा, नवा कॉक घ्या आणि तोवर घरातलं पाणी बंद ठेवा. अनुभवाने जे सावरता येतं ते घरच्या माणसाला सावरता येत नाही, म्हणून त्याच्या हत्याराने तरी चुकू नये. विजेच्या कामात तर प्रश्न जिवाचा आहे. पकडीच्या दांड्यांवरचं रंगीत प्लास्टिक पाहून लोक निर्धास्त होतात, पण बरंचसं प्लास्टिक नुसतं पकड बसावी म्हणून असतं. विजेच्या कामाच्या इन्सुलेटेड हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे वेगळं मानक आहे. त्यानुसार पारखलेल्या हत्यारावर १००० व्होल्टची खूण असते. टेस्टरमध्ये निऑनच्या दिव्यामागे एक रेझिस्टर असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेपासून आपलं बोट वाचवतो तो हा रेझिस्टर, आणि तो धड आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. अनोळखी टेस्टरवर विश्वास टाकणं मला मान्य नाही.

नावांबद्दल बोलायचं तर आपल्याकडे परदेशाकडे पाहण्याची फारशी गरज नाही. टपारियाने १९६९ साली स्वीडनमधल्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने भारतात हत्यारं बनवायला सुरुवात केली आणि तिचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आहे. स्वीडनचं सहकार्य साधंसुधं नव्हतं. आज आपण वापरतो त्या स्क्रू पान्याला घाट दिला तो योहान पेटर योहानसन या स्वीडिश कारागिराने, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला. रेमंड समूहातून उभी राहिलेली जेकेची कानस रत्नागिरीत बनते. अमेरिकेत व्यावसायिक मेकॅनिकचं नाव आहे स्नॅप-ऑन. ती कंपनी १९२० मध्ये सुरू झाली, तिचे विक्रेते गाडी भरून हत्यारं घेऊन गॅरेजच्या दारात जातात आणि मेकॅनिक हप्त्याने पैसे फेडतो. घरगुती वापरासाठी सीअर्स या दुकानांच्या साखळीने १९२७ मध्ये क्राफ्ट्समन आणलं आणि हातहत्यार मोडलं तर बदलून देण्याच्या हमीवर ते घरोघरी पोचलं. क्राफ्ट्समनचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. घरच्या गिऱ्हाइकालाही पक्की हमी द्यायची असते, हे तिथे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी धंद्याचं सूत्र म्हणून स्वीकारलं. आपल्याकडे घरगुती गिऱ्हाईक म्हणजे पेटी खपवण्याची जागा, असंच अजून बरेच विक्रेते समजतात.

यावर पहिला आक्षेप असा की मेकॅनिकसुद्धा सगळं नावाचं घेत नाहीत. खरं आहे, आणि त्यांच्या त्या निवडीतच शिकण्यासारखं बरंच आहे. हातोडी, छिन्नी, पहार, टॉमी ही ठोकायची आणि उचकटायची हत्यारं. तिथे मिलिमीटरच्या अंशाचा प्रश्न नसतो. ओळखीच्या लोहाराने घडवलेली छिन्नी कंपनीच्या छिन्नीइतकीच काम देते, आणि बोथट झाली की त्याच्याकडूनच पुन्हा पाणी देऊन घेता येते. हातोडीचं तोंड मात्र तडकणारं नको आणि दांडा पाचर मारून घट्ट बसवलेला हवा, एवढं पाहावं. मापात बसायची, धार धरायची आणि विजेला स्पर्श करायची हत्यारं वेगळी: पाने, सॉकेट, एलन की, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कानस, टेस्टर. इथे नाव पाहून घ्यावं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला लोक फार कमी लेखतात. जपानी घडणीच्या दुचाकींवरचे चौफुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स टोकाला नीट बसत नाहीत, टोक वर उचललं जातं आणि खाच खाल्ली जाते. त्याच गाड्यांवर १०, १२ आणि १४ मिलिमीटरचे बोल्ट जागोजागी असतात. ज्याला स्वतःच्या दुचाकीची किरकोळ कामं करायची आहेत, त्याला या तीन मापांचे चांगले रिंग पाने ४६ नगांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. ४६ मधले बरेचसे नग पेटीबाहेर कधी निघतच नाहीत.

दुसरा आक्षेप नकली मालाचा, आणि तो या भागात कुणी हसण्यावारी नेऊ नये. नावावर भरवसा ठेवायचा, तर ते नाव छापणारा तरी खरा कशावरून? उल्हासनगरला कॉपीच्या मालाची कीर्ती चिकटली आहे. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आली, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं आणि हाताला मिळेल ते बनवून विकत त्यांनी शहर उभं केलं. त्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे. नकली हत्यारं साऱ्या देशाच्या बाजारात आहेत, त्यांचा दोष एका शहरावर टाकणं अन्यायाचं होईल. पण ‘गरिबाला स्वस्तात मिळतं, मग बिघडलं कुठे’ हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. नकली पिशवी फाटली तर सामान सांडतं, नकली पाना तुटला तर बोटं फुटतात. खोटा ट्रेडमार्क लावून माल विकण्याला १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड आहे. कायदा आहे, पण गिऱ्हाइकाच्या हातात पावती नसेल तर तो कुठून लागू होणार? म्हणून पक्कं बिल मागावं. पान्यावर ठोकलेली अक्षरं खोल आणि सरळ आहेत का, दोन्ही जबड्यांच्या आतल्या बाजू समांतर आहेत का, हे उजेडात धरून पाहावं. शक्य असेल तर सोबत नवा नट न्यावा आणि पाना त्यावर लावून किती हलतो ते बघावं. बाजारहाट करायला मुंबईला जाणाऱ्यांना मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट आहेच, पण आपल्या गावातला ओळखीचा दुकानदार मला अधिक बरा वाटतो. खराब निघालेला पाना परत घेऊन जायला लोकलचं तिकीट काढावं लागत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. चांगली पक्कड, आठ किंवा दहा इंची स्क्रू पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, तीन रिंग पाने आणि एलन कीचा संच एवढं नावाजलेल्या देशी कंपनीचं घेतलं तर ४६ नगांच्या पेटीपेक्षा पैसे थोडे जास्त पडतील. एकदम घेऊ नका, लागेल तसं एकेक घ्या. आपल्याकडचा दमट पावसाळा आणि अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांची हवा लोखंडाला सोसत नाही, म्हणून काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवा. ज्यांना तेवढंही परवडत नाही त्यांच्यासाठी एक सूचना आहे. बदलापूर-अंबरनाथमधल्या इमारतींत कितीतरी कुटुंबं एका जिन्यावर राहतात आणि पाईप पान्याची गरज प्रत्येकाला वर्षातून एकदाच पडते. प्रत्येक सोसायटीने चांगल्या हत्यारांची एक सामाईक पेटी विकत घ्यावी, वही ठेवावी आणि नोंद करून ती सभासदांना वापरायला द्यावी. हत्यारं निवडायला इमारतीतला एखादा फिटर किंवा आयटीआय झालेला तरुण सोबत न्यावा. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत हा एक विषय जरूर घाला.