चिखलातली गाडी : आधी निगा, मग बदल



मृग बरसला की काळ्या रानातल्या वाटेचे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतचा जो मैल-दीड मैल उन्हाळ्यात पाच मिनिटांत सरतो, तोच पावसाळ्यात संपता संपत नाही. दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावे लागतात. त्यातून रात्री कुणाला पान लागले, किंवा माहेरी आलेल्या लेकीच्या पोटात कळा सुरू झाल्या, तर तेवढ्या वाटेवर सगळ्या घराचा जीव टांगणीला लागतो. म्हणूनच पुष्कळ वस्त्यांवर जुनी जीप नाहीतर जिप्सी घेतलेली दिसते. चारही चाकांना जोर असलेली लहान गाडी शेतकऱ्याच्या घरी शोभेची वस्तू नव्हे, अडीअडचणीचा सोबती आहे.

पण गाडी दारात आली की घरातल्या तरुण मंडळींच्या मनात वेगळेच बेत सुरू होतात. मोठे टायर, पाटे भरून वाढवलेली उंची, पुढे लोखंडी कठडा, टपावर चार दिवे! खर्च पन्नास-साठ हजारांवर जातो, आणि ऐन आषाढात गाडी बंद पडते ती शंभर-दोनशे रुपयांचे ग्रीस वेळेवर भरले नाही म्हणून. यासाठी आजच्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे : गाडी आधी मूळ रूपात ठणठणीत करा. बदल त्यानंतर, आणि तेही मोजकेच.

गाडीची ठेवण समजून घ्या

उदाहरण म्हणून जिप्सीच घेऊ. मारुतीने ती १९८५ साली बाजारात आणली. सुरुवातीचे इंजिन ९७० सी.सी.चे होते, पुढे १३०० सी.सी.चे आले. तीस वर्षांहून अधिक काळ ही गाडी निघत होती. आता नवी मिळत नाही, पण जुन्या भरपूर फिरत आहेत. तिची जागा घेणारी जिम्नी २०२३ मध्ये आपल्याकडे आली. जिप्सी वजनाला जेमतेम टनभर भरते, आणि चिखलात हा हलकेपणाच कामी येतो. जड गाडी खोल रुतते, हलकी वरून निघून जाते. लोखंडी कठडे आणि सामानाचे पिंजरे चढवून आपण हा गुण आपल्याच हाताने घालवतो.

तिच्या दोन्ही आसांना पाटे आहेत. गिअरबॉक्सपासून अलग असा ट्रान्सफर केस आहे. त्यातून एक शाफ्ट पुढे आणि एक मागे जातो, तर तिसरा आखूड शाफ्ट गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना जोडतो. तीन शाफ्ट म्हणजे सहा क्रॉस. गाडीची तब्येत बरीचशी या सांध्यांवर अवलंबून असते.

पहिला खर्च कशावर?

जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात पाच तेले बदलून घ्यावीत : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शिअल आणि मागचा डिफरन्शिअल. शेवटच्या तिन्हींकडे वर्षानुवर्षे कुणी पाहिलेलेच नसते. जुने तेल काढताना त्याचा रंग पाहा. दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजा. मग सील आणि आसावरची हवेची नळी, म्हणजे ब्रीदर, तपासून घ्यावा. ही नळी चिखलाने बुजली की तापलेला आस गार पाण्यात जाताच सीलमधून पाणी आत ओढून घेतो.

त्यानंतर पुढचे चाक जॅकवर उचला. चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहा. खडखड जाणवली तर किंगपिनचे किंवा चाकाचे बेअरिंग गेले आहे. सडकेवर विशिष्ट वेगाला पोचले की स्टिअरिंग एकदम थरथरू लागते, ही तक्रार जुन्या जिप्सीत पुष्कळांना येते. पुष्कळदा तिचे मूळ इथेच असते. चाकांचे बॅलन्सिंग आणि स्टिअरिंगचे सांधेही त्याच वेळी पाहून घ्यावेत. नुसता स्टिअरिंग डॅम्पर बदलून दुखणे झाकले जाते, बरे होत नाही.

पाट्यांचे रबरी बुश, शॅकल आणि यू-बोल्ट पाहावेत. एखादा पाटा तडकलेला असला तर तेवढाच बदलावा. पाट्याचे काम झाल्यावर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नये. मिस्त्री हे सांगतो, आपण ऐकून सोडून देतो.

टायर : करण्याजोगा एकच मोठा बदल

पैसे घालायचेच असतील तर ते टायरमध्ये घालावेत. सडकेच्या टायरच्या खाचा बारीक असतात. काळी माती त्यांत एकदा भरली की टायर गुळगुळीत होतो आणि चारही चाके जागच्या जागी फिरतात. चिखलाच्या टायरचे ठोकळे दूर दूर असतात, त्यामुळे चाक फिरताना माती झटकली जाते. मात्र माप मूळचेच ठेवा. मोठ्या मापाचे टायर घातले की ओढ कमी होते, ब्रेक लवकर लागत नाहीत, क्रॉस आणि किंगपिनवर ताण येतो, शिवाय वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

दुसरा उपाय बिनपैशाचा आहे, तो म्हणजे हवा. चिखलाच्या वाटेआधी चारही टायरांची हवा सुमारे १८ पौंडांपर्यंत उतरवावी. टायर पसरतो, जमिनीवरची पकड वाढते. पण अशा वेळी गाडी हळूच चालवावी, आणि सडकेला लागण्याआधी पुस्तकात दिल्याइतकी हवा पुन्हा भरावी. कमी हवेवर वेगाने गेले तर टायर तापून फुटतो. म्हणून हवेचा काटा आणि पायाचा पंप सीटखाली कायम असू द्या.

उंची वाढवण्याचा मोह

जादा पाटा घालून गाडी उंच करण्याची हौस फार. पण जिप्सी अरुंद आहे. उंची वाढली की भाराचा मध्य वर सरकतो, आणि बांधाच्या उतारावर गाडी कलंडायला फार वेळ लागत नाही. मागे समोरासमोरच्या बाकांवर बायका-पोरे बसलेली असतात, टपावर दोन पोती टाकलेली असतात, अशा वेळी काय होईल याचा विचार करा. शिवाय उंच केलेल्या गाडीत शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात आणि ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. ओझे पाट्यांवर नको असेल तर ते गाडीतून कमी करावे. पोत्यांसाठी ट्रॅक्टर आहेच.

तीव्र उतार नेहमी सरळ उतरावा, आडवा कापू नये. उतरताना लो गिअर आणि पहिला टाकून इंजिनाच्या ओढीने गाडी उतरू द्यावी, क्लचवर पाय ठेवू नये.

चारही चाके केव्हा लावावीत?

बऱ्याच जिप्सींच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एक फिरती कळ असते. चिखलात शिरण्याआधी खाली उतरून दोन्हीकडची कळ ‘लॉक’वर करावी लागते. एकीकडची जरी राहिली तरी आतला लिव्हर कितीही ओढा, पुढची चाके ओढणार नाहीत. गाडी रुतल्यावर गुडघाभर चिखलात हे काम करण्यापेक्षा आधीच केलेले बरे.

कोरड्या डांबरी सडकेवर मात्र चारही चाके जोडून चालवू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाटेने जातात. हा फरक पोटात घेणारी सोय पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये या गाडीत नाही. मातीत चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर तो सुटत नाही आणि ट्रान्सफर केसच्या दातांवर येतो. महिन्यातून एकदा मात्र कच्च्या वाटेवर दोन-तीन किलोमीटर चारही चाके लावून चालवावे, म्हणजे पुढच्या आसातले तेल सगळीकडे फिरते आणि लिव्हर धरत नाही.

ओढ्याचे पाणी

साचलेले पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असले आणि तळ माहितीचा असला, तर लो गिअरमध्ये सावकाश, न थांबता पार करावे. मध्येच इंजिन बंद पडले आणि हवेच्या वाटेने आत पाणी गेल्याची शंका आली, तर पुन्हा किल्ली मारू नये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढावी आणि मिस्त्रीला बोलवावे. बाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेक हलकेच दाबत जावे, म्हणजे लायनर सुकतात.

वाहत्या पाण्याची गोष्ट निराळी. फरशीवरून ओढा वाहत असेल तर चार चाकांचा जोर तिथे काही कामाचा नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटारीला ढकलू शकते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. अशा वेळी कितीही घाई असली तरी थांबावे, नाहीतर लांबची वाट धरावी.

रुतली तर

चाके फिरवत राहू नये. दर फेऱ्याला गाडी बोटभर खाली जाते. चाकापुढची माती खोऱ्याने उतरती करा, पोती किंवा मुरूम टाका आणि हळूच निघा. जॅक लावायचा तर खाली जाड फळी हवीच, नाहीतर जॅकच जमिनीत जाईल.

ट्रॅक्टरने ओढताना दोन गोष्टी जिवाच्या आहेत. दोर गाडीच्या चासीच्या हुकाला बांधा, बंपरला नको. ट्रॅक्टरला तो खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वर बांधलेल्या दोराने ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. दोरावर ओले पोते टाका, झटका न देता सावकाश ओढा, आणि पोराबाळांना दोराच्या दीडपट अंतराबाहेर ठेवा. तुटलेली साखळी माणसाचा जीव घेते.

कायदा काय म्हणतो?

कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढच्या लोखंडी कठड्यांवर कारवाई करण्यास केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ सालीच राज्यांना कळवले होते. तेव्हा “पेट्रोल परवडत नाही, डिझेल इंजिन बसवून देतो,” असे कुणी म्हणाले तर आधी आर.टी.ओ.कडे जाऊन लेखी परवानगी मिळते का ते विचारावे. नोंदीत नसलेला बदल असला, तर अपघातानंतर विमा नाकारायला निमित्त सापडते.

वर्षाचे वेळापत्रक

वैशाखात तेले, ब्रेक, बॅटरी, वायपर आणि टायर पाहून घ्यावेत. पावसाळ्यात दर पंधरवड्याला प्रत्येक निपलला ग्रीस गन लावावी, जुने ग्रीस बाहेर पडेपर्यंत. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले गवताचे बी आणि चिखल आतून बाहेर पाणी मारून काढावा. दिवाळीनंतर गाडी खालून स्वच्छ धुऊन चासीचा गंज खरवडावा आणि रंग द्यावा. कोकणातल्या मंडळींनी खाऱ्या हवेमुळे हे काम वर्षातून दोनदा करावे. हिवाळ्या-उन्हाळ्यात धूळ फार असते, तेव्हा एअर फिल्टर दर महिन्याला झटकावा आणि फाटला असेल तर बदलावा.

एक वही गाडीतच ठेवा. कोणते तेल कधी बदलले, ग्रीस कधी भरले, हे तारीख घालून लिहा. घरातल्या ज्या मुलीला अगर सुनेला गाडी चालवता येते, तिलाही पुढची कळ फिरवणे, लो गिअर टाकणे आणि चाक बदलणे शिकवून ठेवा. अपरात्री निकड येईल तेव्हा घरचा पुरुष हजर असेलच असे नाही. त्या वेळी टपावरचे दिवे उपयोगी पडणार नाहीत. किल्ली फिरवताच सुरू होणारे इंजिन आणि वेळेवर लागणारा ब्रेक उपयोगी पडेल.

पुढील अंकात पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हूक, पिन आणि मागचे दिवे यांची काळजी कशी घ्यावी, ते पाहू.