घोडबंदर रस्त्यावरील रहिवाशांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका,
महापालिका भवन, पाचपाखाडी, ठाणे.

विषय : घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींसाठी सेवा रस्ता, पदपथ, बससेवा व पाणीपुरवठा यांबाबतच्या मागण्या.

महोदय,

कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांतील आम्ही रहिवासी हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत. आमची गणना सुखवस्तूंत होते आणि ती रास्तच आहे. आमच्या संकुलांत पोहण्याचा तलाव आहे, क्लबहाऊस आहे, वीज गेली तर जनरेटर आहे, फाटकावर तीन पाळ्यांत पहारा आहे. त्यामुळे आमच्यापैकी कोणी तक्रार घेऊन आले की ‘यांना आणखी काय हवे’ असा भाव समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतो. फाटकाच्या आत आम्हाला खरोखरच काही नको आहे. हे निवेदन फाटकाबाहेरच्या शहराविषयी आहे. तेथे आम्हीही इतरांइतकेच करदाते आणि इतरांइतकेच पादचारी आहोत.

या भागाच्या अडचणींचे मूळ त्याच्या जडणघडणीत आहे. देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यापर्यंत, ३४ किलोमीटर. पुढे शंभर वर्षांनी वागळे इस्टेट, पोखरण रस्ता, कोलशेत येथे कारखाने आले आणि लोक कामासाठी ठाण्यात येऊ लागले. त्यांतले बरेच कारखाने बंद पडले, जमिनींवर टॉवर चढले आणि प्रवाहाची दिशा उलटली. आता सकाळी हे शहर रिकामे होते. घोडबंदर रस्ता तर मुळात वस्तीसाठी नव्हताच. न्हावा शेवा बंदर आणि भिवंडीची गोदामे यांना गुजरातकडे जोडणारा तो मालवाहतुकीचा मार्ग. कंटेनरच्या वाटेवर घरे बांधण्यास परवानगी मिळाली, लाखो लोक राहायला आले, पण रस्त्याचा स्वभाव पालटला नाही. कासारवडवलीहून ठाणे स्थानक दहा-बारा किलोमीटर लांब आहे. गर्दीच्या वेळी एवढे अंतर कापायला अनेकदा जो वेळ लागतो, त्यात जलद लोकल ठाण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठते.

आमची सर्वांत निकडीची मागणी सेवा रस्त्याबाबत आहे. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करण्याचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण करीत आहे. मार्गिका वाढल्या की कोंडी सुटेल, हा त्यामागचा विचार. आम्हाला तो पटलेला नाही. सेवा रस्ता हे या भागाचे अंगण आहे. शाळेची बस तेथे थांबते, भाजीची गाडी तेथे लागते, औषधाचे दुकान तेथे आहे, संकुलाचे फाटक तेथेच उघडते. तो नाहीसा झाला की फाटकातून बाहेर पडणारी दुचाकी थेट ट्रेलरच्या मार्गिकेत शिरणार, आणि समोरच्या दुकानात निघालेल्या आजोबांना पदपथाऐवजी महामार्गाची कड मिळणार. वाढवलेल्या मार्गिकेत उद्या रिक्षा, स्कूलबस आणि सामान उतरवणारे टेम्पो उभे राहतील, कारण त्यांना उभे राहायला दुसरी जागा उरलेली नसेल. मग वाढलेल्या रुंदीचा हिशेब कागदावरच राहील.

काम प्राधिकरणाचे असले तरी पाणी, मलनिःसारण, पदपथ आणि इमारतींच्या परवानग्या महापालिकेच्या अखत्यारीत आहेत. म्हणून आपण नियोजनाची जबाबदार संस्था या नात्याने प्राधिकरणाकडे आग्रह धरावा, ही विनंती. जेथे विलीनीकरण झाले नाही तेथे ते थांबवावे. जेथे झाले आहे तेथे फाटकांसमोर वेगळी संथ मार्गिका, सलग व किमान दोन मीटर मोकळा पदपथ आणि बसथांब्यासाठी रस्त्यापासून आत घेतलेली जागा द्यावी. पातलीपाडा, वाघबीळ, आनंदनगर, कासारवडवली आणि ओवळे येथे रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलसह जमिनीवरची वाट असावी. पादचारी पूल हे त्याचे उत्तर नव्हे. गुडघे दुखणारी व्यक्ती आणि बाबागाडी ढकलणारी आई तो पूल चढत नाही. ती दुभाजकाची फट शोधते.

मेट्रोकडे आम्ही डोळे लावून आहोत, हे लपवण्याचे कारण नाही. वडाळा ते कासारवडवली ही ३२ किलोमीटरहून अधिक लांबीची मेट्रो ४ आणि तिचा गायमुखपर्यंतचा विस्तार, या मार्गांवर सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखच्या बाजूने चाचणी झाली. परंतु मेट्रोची स्थानके मुख्य रस्त्यावर आहेत आणि आमची घरे आत, येऊरच्या डोंगराकडे किंवा खाडीकडे पसरलेली आहेत. स्थानकापर्यंत छोटी बस नसेल तर लोक गाडी काढतील, आणि गाडी काढलीच तर ती थेट मुंबईपर्यंत नेतील. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्याने त्यांना तसे करणे स्वस्तही झाले आहे. (खिशाला ते आम्हालाही बरे वाटले, हे खरे. रस्त्याला मात्र बरे वाटण्याचे कारण दिसत नाही.)

येथे एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. अनेक मोठी संकुले आज स्थानकापर्यंत स्वतःच्या खासगी बस चालवतात. त्यांचा खर्च मेन्टेनन्समधून जातो आणि त्यांत फक्त रहिवाशांना बसता येते. त्याच संकुलांत पोळ्या करायला, मुले सांभाळायला, पहाऱ्याला येणारी माणसे भर उन्हात शेअर रिक्षाची वाट पाहत त्याच फाटकाबाहेर उभी असतात. आमच्या घरातली सकाळ त्यांच्या वेळेवर पोहोचण्यावर चालते, आणि बस मात्र त्यांच्यासमोरून अर्धी रिकामी निघून जाते. ही व्यवस्था आम्हाला शोभत नाही आणि शहरालाही परवडत नाही. ठाणे परिवहन सेवेने संकुलांशी करार करून या फेऱ्या सार्वजनिक मार्गांत बदलाव्यात. जी रक्कम आज आम्ही खासगी कंत्राटदाराला देतो, ती ठरावीक मुदतीसाठी परिवहनला हमी म्हणून देण्याची आमची तयारी आहे. अट एवढीच की बस दर दहा मिनिटांनी यावी, पहाटे पाचपासून शेवटच्या लोकलपर्यंत धावावी आणि तिच्यात तिकीट काढून कोणालाही चढता यावे.

पाण्याबाबत. ठाण्याला स्वतःचे धरण नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून शहराचे पाणी येते, आणि त्यांपैकी एका ठिकाणी जलवाहिनी फुटली की घोडबंदरच्या वरच्या मजल्यांना ते लगेच कळते. टँकरचा खर्च अनेक सोसायट्यांच्या ताळेबंदात कायमचा रकाना झाला आहे. आमचे म्हणणे असे : नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना ‘तूर्त टँकरने पाणी पुरवू’ या स्वरूपाचे हमीपत्र ग्राह्य धरू नये. प्रत्येक प्रभागाला रोज किती पाणी सुटले आणि किती पोहोचले, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर दररोज प्रसिद्ध व्हावे. पावसाचे पाणी साठवण्याची आणि सांडपाणी शुद्ध करून बागेला व फ्लशला वापरण्याची यंत्रणा आमच्याच संकुलांत चालू आहे की नुसती नकाशावर आहे, याची तपासणी करावी. बंद आढळली तर आम्हाला दंड करावा. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे. तेथील आदिवासी पाड्यांनी आपली जमीन आमच्या कारंज्यांसाठी सोडावी, असे म्हणण्याआधी आमच्या पाण्याचा हिशेब लागला पाहिजे, असे आम्हाला वाटते. आमच्यापैकी सर्वांचे यावर एकमत झाले नाही, तरी बहुमताने हा मुद्दा येथे ठेवला आहे.

ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. ११.८ किलोमीटरचा हा मार्ग राष्ट्रीय उद्यानाखालून येऊन टिकुजिनीवाडीजवळ बाहेर पडेल. बोरिवलीला झटपट पोहोचण्याची सोय कोणाला नको? पण बोगद्यातून आलेली वाहने मानपाड्याच्या चौकात नेमकी कशी सामावणार, याचा अभ्यास रहिवाशांपुढे मराठीतून मांडला जावा आणि त्यावर हरकती ऐकल्या जाव्यात.

ठाणे व मुलुंडदरम्यान मनोरुग्णालयाच्या जागेवर होऊ घातलेल्या नव्या स्थानकालाही हेच लागू आहे. ठाणे स्थानकातील फलाट क्रमांक ५ रुंद करण्यासाठी २०२४ मध्ये ६३ तासांचा मेगाब्लॉक घ्यावा लागला, तेव्हा काही फुटांसाठी केवढा खटाटोप करावा लागतो हे सर्वांनी पाहिले. नव्या स्थानकाचा आराखडा करतानाच घोडबंदरहून येणाऱ्या बसला फलाटाजवळ जागा राखावी. मागाहून ती मिळत नाही.

वरील विषयांवर आपण स्वतः, प्राधिकरणाचे व वाहतूक पोलिसांचे अधिकारी यांच्यासह आम्हाला एक संयुक्त बैठक द्यावी. ती मुख्यालयाऐवजी कासारवडवलीत घ्यावी आणि कामाच्या दिवशी दुपारी ठेवू नये. त्या वेळी आमच्यापैकी कमावते लोक मुंबईत असतात आणि आमच्या घरी काम करणाऱ्या महिला दुसऱ्या-तिसऱ्या घरी. रविवारी सकाळी दहा वाजता दोघांनाही येता येईल. बैठकीस येताना मेट्रोच्या खांबांखालून, मानपाड्यापासून शक्य तेवढे पायी यावे, अशीही नम्र विनंती आहे.

आपले विश्वासू,
घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहनिर्माण संस्थांतील रहिवासी
(स्वाक्षऱ्यांची पाने सोबत जोडली आहेत.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, ठाणे