शिखराचे नाव आणि पायथ्याची माणसे

१८६५ साली आगगाडी कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचली आणि उंबरमाळीचा हा मुलूख देशाच्या मुख्य मार्गावर आला. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नेपाळ-तिबेट सीमेवरील जगातील सर्वोच्च पर्वतासाठी ‘एव्हरेस्ट’ हे नाव मान्य केले. सर्वेक्षण खात्याच्या दप्तरी तो केवळ ‘पंधरावे शिखर’ होता. राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाने आकडेमोड करून त्याची उंची काढली, १८५६ साली ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. नाव मात्र निवृत्त साहेबाचे लागले. खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांचे म्हणणे असे, की स्थानिक नाव सापडत नाही. वस्तुतः १७३३ साली पॅरिसला प्रसिद्ध झालेल्या नकाशात ‘चोमोलुंग्मा’शी मिळतेजुळते नाव होतेच. खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांनीही हरकत घेतली होती, की आपले नाव तेथील लोकांना उच्चारताही येणार नाही!

‘सागरमाथा’ म्हटले की अन्याय दूर झाला, असे अनेकांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. हे नाव विसाव्या शतकात इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी प्रचारात आणले. १९५३ साली हिलरींसह माथ्यावर पोहोचलेले तेनसिंग नोर्गे ज्या शेर्पा समाजाचे, तो समाज पर्वताला चोमोलुंग्माच म्हणत आला. राजधानीने दिलेले नाव हे पायथ्याचे नाव असतेच असे नाही. २०२० साली नेपाळ व चीन यांनी ८,८४८.८६ मीटर ही उंची मिळून जाहीर केली. नावे मात्र दोन्हींकडे आपापली राहिली.

आपल्याकडेही हेच घडते. खंडाळ्याच्या नागफणीला साहेबाने ‘ड्यूक्स नोज’ केले. ते उघड दिसते, म्हणून आपण रागावतो. परंतु शहापूर तालुक्यात डेहण्याजवळचा ‘आजोबा’ पुस्तकांत ‘अजापर्वत’ होतो, तेव्हा कोणी हरकत घेत नाही; उलट नाव शुद्ध झाले असे मानतात. नामांतराचा लढा पाहिलेल्या समाजाने तरी या ‘शुद्ध’ शब्दाकडे सावधपणे पाहावे.

आपल्या वसतिगृहात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पाड्यांवरची मुले येतात. त्यांच्या घरी प्रत्येक ओहोळाला, सोंडेला, खिंडीला नाव आहे. छापील नकाशात ते नसते, म्हणून भूगोलाच्या तासाला मूल ते सांगताना चाचरते आणि दहावीपर्यंत विसरून जाते. भातसाच्या पाण्याखाली गेलेल्या जागांची नावे तर वृद्धांच्या तोंडीच उरली आहेत. त्यांना फार वर्षे नाहीत.

माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या पाड्याभोवतीची नावे, ज्या बोलीत आहेत त्याच बोलीत, उतरवून शाळेकडे द्यावीत. भूगोलाच्या वर्गात दोन्ही तालुक्यांचा मोठा नकाशा हाताने काढून त्यावर ती भरता येतील. नाव कोणत्या आजीने, कोणत्या आजोबांनी सांगितले, तेही नकाशाच्या कडेला लिहावे. सिकदरांच्या बाबतीत जे राहून गेले, ते येथे राहू नये.